सावित्रीबाईंच्या जयंतीनंतर महिला मंडळाने कोणतं काम हाती घ्यावं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या गावातलं महिला मंडळ दरवर्षी ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घालतं, शाळेतल्या मुलींची भाषणं होतात, संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू चालतं आणि ८ मार्चला कोणीतरी पाहुणे व्याख्यान देऊन जातात. दोन वर्षांपासून तुम्ही विधवा बायकांनाही हळदीकुंकवाला बोलावता. तरीही तरुण मुली विचारतात, याचा आमच्याशी काय संबंध? तुम्हाला असं काम हवं आहे की जे करून सावित्रीबाईंचं काम पुढे नेलं असं मनापासून म्हणता येईल.

विधवा बायकांना बोलावता हे चांगलंच आहे, ते थांबवू नका. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर कार्यक्रम सुधारण्यात सापडेल असं मला वाटत नाही. आपल्याकडच्या पहिल्या पिढीतल्या स्त्रियांनी नेमकं काय केलं ते नीट पाहिलं, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: भाषणापाशी त्या थांबल्या नाहीत. प्रत्येकीने काहीतरी ठोस उभं केलं. एखादी शाळा, एखादं घर, नाहीतर लेखी अर्ज, साक्ष, खटला. १८४८ मध्ये भिडे वाड्यात शाळा निघाली. १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झालं, तेव्हा फसवल्या गेलेल्या विधवांना कळावं म्हणून पत्रकं लावण्यात आली. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री डॉक्टर आणि स्त्री शिक्षिका हव्यात असं सांगितलं, आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. लहानपणी लावलेलं लग्न रखमाबाईंनी नाकारलं. १८८७ मध्ये न्यायालयाने नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं फर्मावलं, तेव्हा तुरुंग पत्करते असं त्यांनी सांगितलं. पुढच्या वर्षी नवऱ्याने दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. त्या प्रकरणाने जी खळबळ उडाली, तिची परिणती १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्यात झाली.

सावित्रीबाईंच्या आयुष्यातली जी गोष्ट मी तुमच्या कामाचा पाया म्हणून सुचवेन, ती भाषणांत क्वचितच येते. बालहत्या प्रतिबंधक गृहात बाळंत झालेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला. भाऊबंदांना ते मान्य नव्हतं. म्हणून जोतीरावांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र केलं आणि ते रीतसर नोंदवून ठेवलं. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे प्रेतापुढे न्यायचं मडकं, कोणी धरायचं यावरून वाद झाला. हा वाद निव्वळ विधीचा नव्हता. टिटवं धरील तो वारस, असा रिवाज होता, आणि चुलत घराण्याचा डोळा त्यावर होता. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवं त्यांनी स्वतः धरलं. शंभर जणांच्या देखत एका बाईने वारसाचा हक्क हातात घेतला, आणि तिच्यामागे नोंदवलेला कागद होता. आजही गावागावांत अडतं ते नेमकं इथेच.

म्हणून माझी सूचना अशी: ३ जानेवारी ते १० मार्च, म्हणजे सावित्रीबाईंच्या जयंतीपासून पुण्यतिथीपर्यंत, गावातल्या प्रत्येक बाईचं नाव कोणत्या कागदावर आहे आणि कोणत्या कागदावर असायला हवं ते तपासा, आणि राहिलेली नावं लावून घ्या. साधारण सव्वादोन महिने मिळतात, ते पुरतात.

हेच काम का, तेही सांगते. मुलींचं शिक्षण, संमतीवय, पुनर्विवाह यांवरचा उघड विरोध आज बराच ओसरला आहे. मालमत्तेवरचा नाही. डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात मुलीला वाटा देऊ केला त्यावर सर्वात जास्त आरडाओरड झाली, बिल रखडलं आणि १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीला काही दिलं, पण वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हक्क दिला नाही. महाराष्ट्राने तो २२ जून १९९४ पासून दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलगा-मुलगी सारखे झाले, लग्न झालेलं असो वा नसो. तरी वडील त्या तारखेला हयात होते की नव्हते यावर न्यायालयांत वाद चालूच राहिला. तो ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयात विनिता शर्मा खटल्यात मिटला: हक्क जन्माने आहे, वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही. म्हणजे कायद्याची बाजू जवळजवळ पूर्ण झाली. सातबाऱ्याची झालेली नाही, आणि ते काम मुंबई-दिल्लीत बसून होत नाही. ते तुमच्यासारख्या मंडळालाच करता येतं.

महाराष्ट्रात या कामाची परंपराही आहे, तीही मुलींना सांगा. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं मोठं अधिवेशन झालं, त्यानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मोहीम काढली. ज्या गावात शंभर शेतकरी बायकोच्या नावे जमीन करतील त्या गावाचा जाहीर सन्मान व्हायचा. सांगली भागात इंदूताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने टाकलेल्या बायकांसाठी स्वतंत्र रेशनकार्ड, घर आणि जमीन मागितली. संगमनेरला परित्यक्ता परिषद झाली. चळवळ म्हणजे शहरातल्या चार शिकलेल्या बायकांचं काम, असं तुमच्या मुलींना वाटत असेल, तर हा इतिहास त्यांच्या पंचक्रोशीतला आहे.

आता प्रत्यक्ष काम.

आधी दहा घरांत करून पाहा. एका जोडीकडे वीस-पंचवीस घरांपेक्षा जास्त देऊ नका. जोडीत एक तरुण मुलगी असावी, जिला मोबाईलवर उतारा काढता येतो, आणि एक प्रौढ बाई, जिला घरात आत बोलावतात. नुसत्या मुली गेल्या तर ओसरीवरूनच परत येतात, नुसत्या प्रौढ बायका गेल्या तर कागद न बघता गप्पा होतात. प्रत्येक घरासाठी एक पान पुरतं: घराच्या उताऱ्यावर कोणाचं नाव, सातबाऱ्यावर कोणाचं, रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख कोण, बाईचं स्वतःचं बँक खातं आहे का, घरात गेल्या काही वर्षांत कोण मयत झालं, आणि त्याची वारसनोंद झाली का. शेवटचे दोन प्रश्न सर्वात महत्त्वाचे आणि विचारायला सर्वात अवघड. ते शेवटीच विचारा.

रेशनकार्ड सोपं आहे, सुरुवात तिथून करा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे घरातली अठरा वर्षांवरची सर्वात मोठी स्त्री ही शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख असते. जिथे तसं नाही तिथे तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज करायचा. यात भांडण होत नाही, काम होतं, आणि मंडळावर विश्वास बसतो. पुढच्या अवघड कामासाठी तो लागणार आहे.

मग घर. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला आपण घराचा उतारा म्हणतो. ‘घर दोघांचे’ म्हणून त्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावण्याचं शासनाचं धोरण आहे. नवऱ्याच्या सहीचा अर्ज ग्रामसेवकाकडे द्यायचा, मासिक सभेत तो मंजूर करून घ्यायचा आणि नवा उतारा हातात घेऊनच उठायचं. ठराव झाला पण वहीत नाव चढलंच नाही, हे फार वेळा होतं. एक गोष्ट बायकांना स्पष्ट सांगा: नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. तरी ती लागते, कारण गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) तयार होतात, तेव्हा चौकशीत बहुतेक करून याच नोंदीचा आधार घेतला जातो. तुमच्या गावची मोजणी अजून व्हायची असेल तर हे काम सर्वात आधी उरका.

शेतजमिनीत दोन प्रकरणं वेगळी धरा: नवरा हयात आहे ते, आणि घरातलं माणूस गेलं आहे ते.

नवरा हयात आणि राजी असेल तर मार्ग सोपा आहे. लक्ष्मीमुक्ती मोहिमेनंतर १९९२ मध्ये शासनाने त्याच नावाची योजना काढली. तिच्यात नवऱ्याने अर्ज केला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. ही योजना कागदावर आहे, पण तलाठी कार्यालयात अनेकदा ‘असं काही नसतं’ असं उत्तर मिळतं. तेव्हा परिपत्रकाची प्रत बरोबर न्या, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. दुसरा मार्ग बक्षीसपत्राचा. बायकोला शेतजमीन किंवा राहतं घर द्यायला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, बाकीचा खर्च दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. बक्षीसपत्र जास्त पक्कं, पण ते वडिलोपार्जित एकत्र जमिनीचं करता येईलच असं नाही, वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका.

माणूस गेलेलं असेल तर वारसनोंद. खरी गळती इथे होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं, असं जमीन महसूल संहितेचं कलम १४९ सांगतं. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, पण जितका उशीर तितके मयत वाढतात आणि कागद गुंतत जातो. अर्जाबरोबर मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ आणि सर्व वारसांची नावं, वय, नातं, पत्ते असलेलं शपथपत्र लागतं. तलाठी आधी वारसाची नोंद ६-क या वहीत घेतो, मग फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची नोंद, धरतो, सर्व हितसंबंधितांना नोटीस काढतो आणि हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवतो. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आली तर ती तक्रारीच्या वहीत जाते आणि सुनावणी होते. निकाल मान्य नसेल तर प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, साठ दिवसांत अपील.

आता यात कुठे कुठे बायकांची नावं गळतात ते पाहा. पहिली जागा शपथपत्र. ते बहुतेक थोरला भाऊ करतो, आणि वारस म्हणून ‘पत्नी आणि दोन मुलगे’ लिहितो. मुली परगावी दिल्या, त्यांना विचारायला कोण जातं! दुसरी जागा मयताची आई. मुलगा आईच्या आधी गेला तर आई पहिल्या वर्गाची वारस असते, तिचा वाटा सून आणि नातवंडांइतकाच असतो. हे कित्येक तलाठ्यांच्याही लक्षात राहत नाही. तिसरी जागा सातबाऱ्याचा रकाना. पूर्वी बहिणींची आणि विधवांची नावं कब्जेदार सदरी, म्हणजे मालकांच्या रकान्यात, न लावता ‘इतर हक्क’ मध्ये टाकायची पद्धत होती. नाव आहे म्हणून बाई समाधानी राहते, आणि विक्रीच्या किंवा कर्जाच्या वेळी तिला कोणी विचारत नाही. चौथी जागा ‘ए.कु.मॅ.’ ही तीन अक्षरं. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून एकट्या थोरल्याचं नाव लावलेलं असतं, आणि बाकीचे भाऊ-बहिणी कागदावरून नाहीसे होतात. जुने सातबारे बघताना या अक्षरांवर बोट ठेवा, तो फेरफार क्रमांक उतरवून घ्या आणि तो फेरफार काढून वाचा. त्यात मूळ वारसांची नावं सापडतात.

परगावी दिलेल्या मुलींसाठी एक सोय तुमच्या मुलींना जरूर शिकवा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा थोडक्या शुल्कात मिळतो, आणि ‘आपली चावडी’ वर गावात सध्या कोणत्या फेरफाराची नोटीस निघाली आहे ते दिसतं. सुरतेत किंवा दुबईत बसलेली बहीणसुद्धा पंधरा दिवसांच्या आत हरकत घेऊ शकते. ई-हक्क प्रणालीतून वारसनोंदीचा अर्जही घरबसल्या करता येतो.

बहिणीचं नाव आधीच गाळलेलं असेल तर? भाऊ राजी असतील तर जुन्या फेरफाराचा हवाला देऊन सगळ्यांच्या सहीने तलाठ्याकडे अर्ज करा, पुष्कळदा तेवढ्यावर काम होतं. राजी नसतील तर प्रांतांकडे उशीरमाफीच्या अर्जासह अपील किंवा दिवाणी न्यायालयात दावा. इथे तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. ही गोष्ट मी हळदीकुंकवाच्या वाणाबरोबर छापून वाटायला सांगेन, इतकी ती कमी ठाऊक आहे.

हक्कसोडीबद्दल, म्हणजे बहिणीने आपला वाटा लिहून सोडून देण्याबद्दल, मात्र माझं मत ठाम आहे, आणि मंडळाने ते गावात उघडपणे सांगावं. दहावं-तेरावं झालं की बहिणी माहेरी असतात, रडून रडून थकलेल्या असतात, आणि त्याच आठवड्यात भाऊ तालुक्याला नेऊन सह्या घेतात. एक साडी आणि ‘माहेर कायम राहील’ एवढ्या बोलीवर. नोंदवलेलं हक्कसोडपत्र सहजी मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध करावी लागते, आणि त्यालाही कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. म्हणून बायकांना एवढंच सांगायचं: सुतकात सही नाही, आणि वारसनोंद होऊन सातबारा हातात आल्याशिवाय सही नाही. आपण काय सोडतो आहोत ते आधी गुंठ्यांत कळू दे. त्यानंतरही तिला सोडायचं असेल तर तो तिचा निर्णय, मंडळाने त्यात पडू नये. उलट बाजूही सांगते: शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर किंवा कोऱ्या कागदावर घेतलेली, न नोंदवलेली हक्कसोड जमिनीच्या बाबतीत टिकत नाही. ‘मी तर सही देऊन बसले’ म्हणणाऱ्या बाईची सही कशावर आहे ते आधी बघा.

बायका मागे का हटतात याचं कारण कायद्याचं अज्ञान नसतं. नाव लावणं म्हणजे वाटणी मागणं, आणि वाटणी मागणं म्हणजे माहेर तोडणं, असं त्यांच्या मनात घट्ट बसलेलं असतं. म्हणून तीन गोष्टी सुट्या करून समजावा. वारसनोंद म्हणजे जे आहे त्याची नोंद. वाटणी म्हणजे कोणता तुकडा कोणाचा हे ठरवणं; ती सगळ्यांच्या संमतीने तहसीलदारांकडे कलम ८५ खाली होते, नाहीतर न्यायालयात. हक्कसोड म्हणजे आपलं देऊन टाकणं. पहिली करून बाई पुढची वीस वर्षं गप्प बसू शकते, भाऊ जमीन कसत राहू शकतो, भाऊबीज होत राहू शकते. फरक एवढाच की महामार्गाचं भूसंपादन आलं किंवा जमीन विकायला निघाली, तर तिला विचारावं लागेल. हे शांतपणे सांगितलं की निम्म्याहून जास्त विरोध भावांकडूनसुद्धा मावळतो.

विधवा बायकांचा उल्लेख तुम्ही केला आहे, तर स्पष्ट बोलते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, आणि पाठोपाठ शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. हा ठराव तुमच्या गावात झाला नसेल तर जरूर करा. १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हावी मंडळींनी विधवांचं केशवपन करायचं नाही असं ठरवलं होतं, हेरवाडचं पाऊल त्याच वाटेवरचं आहे. पण कुंकू राहिलं आणि घर गेलं तर त्या बाईला काय मिळालं? नवरा गेल्यानंतर सहा महिन्यांत तिला कोण विचारतं हे सातबाऱ्यावर ठरतं. म्हणून ठरावातच एक वाक्य घाला: गावात विवाहित पुरुषाचा मृत्यू झाल्यास ग्रामपंचायत त्याच्या पत्नीला मृत्यूचा दाखला देताना वारसनोंदीचा अर्जही देईल आणि तीन महिन्यांत त्याचा आढावा घेईल. दुसरं लग्न केलं की हक्क जातो, असंही गावात सांगितलं जातं. ते खोटं आहे. नवऱ्याच्या मृत्यूने तिला मिळालेला हिस्सा नंतरच्या लग्नाने जात नाही. आणि तिला सासरच्या घरातून हुसकत असतील, तर घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १७ खाली तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे घरगुती घटना अहवाल भरून घ्यायचा, फी लागत नाही.

एक धोका आहे आणि तो टाळला नाही तर सगळ्या मोहिमेचा अर्थ जाईल. सातबाऱ्याची मोहीम ही ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांचीच मोहीम होऊ शकते. १८५५ मध्ये मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मांग समाजाच्या मुलीने लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी विचारलेले प्रश्न थेट आणि जळजळीत होते. तारीख लक्षात घ्या, ताराबाई शिंद्यांनी बुलढाण्यात ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली त्याच्या सत्तावीस वर्षं आधीची. आपल्या स्त्रियांच्या लेखनात जातीचा प्रश्न मागाहून जोडलेला नाही, तो पहिल्यापासून आहे. तेव्हा गावच्या ज्या वस्तीत कोणाचा सातबाराच नाही, तिथे कोणते कागद बघायचे हे आधी ठरवा. घरकुल कोणाच्या नावावर मंजूर झालं? घराखालची जागा गायरानात आहे का, आणि अतिक्रमण नियमित करण्याच्या यादीत बाईचं नाव आहे का? रोजगार हमीचं जॉबकार्ड कोणाकडे असतं आणि मजुरी कोणाच्या खात्यात पडते? आदिवासी पाड्यावर वनहक्काचा दावा असेल तर २००६ च्या कायद्याप्रमाणे विवाहितांचा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवायचा असतो. पट्ट्यावर एकट्या नवऱ्याचं नाव असेल तर दुरुस्ती मागा. या वस्तीपासूनच मोहीम सुरू करा, आणि त्या जोडीत त्याच वस्तीतली बाई असू द्या. मंडळाच्या कार्यकारिणीत तिथलं कोणीच नसेल तर आधी ते दुरुस्त करावं लागेल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या लपवत नाही. वडिलांनी स्वतः कमावलेली जमीन ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात. मुलीचा जन्माने हक्क वडिलोपार्जित मालमत्तेत असतो. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटणी झाली असेल तर ती उकरता येत नाही, पण ‘आमची तोंडी वाटणी झाली होती’ एवढं सहसा पुरत नाही. वर सांगितलेला वारसा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे नियम वेगळे आहेत. अनुसूचित जमातींना तो थेट लागू होत नाही, तिथे रूढी बघावी लागते. गोव्यात सासर असलेल्या मुलींची गोष्ट आणखी वेगळी, तिथे लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरतात. शंका आली की नाव-गाव लिहून ठेवा आणि विधी सेवा समितीच्या वकिलाला एका दिवशी गावात बोलवा. अशी शिबिरं ते घेतात. मंडळाने स्वतः निवाडे देऊ नयेत.

वेळापत्रक मी असं धरेन. ३ जानेवारीच्या कार्यक्रमात भाषणांऐवजी टिटव्याची गोष्ट आणि घरपाहणीचं एक पान. २६ जानेवारीच्या सुमाराला ग्रामसभा असते. तिच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची तरतूद ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ७ मध्ये आहे, ती खरोखर घ्यायला लावा आणि ठराव तिथे मांडा. महिला सभेचं इतिवृत्त लिहिलं जातं आहे ना ते समोर बसून बघा, नाहीतर सभा झाल्याच्या नुसत्या सह्या घेतल्या जातात. फेब्रुवारीत अर्ज भरायचे, एका दिवशी सगळे मिळून तलाठी कार्यालयात द्यायचे. दहा-पंधरा बायका एकत्र आल्या की अर्ज घ्यायला टाळाटाळ होत नाही, आणि प्रत्येकीच्या हातात तारखेची पोच येते. ८ मार्चला पाहुण्यांऐवजी मंडळ अधिकाऱ्यांना बोलवा आणि प्रलंबित फेरफार मंचावर वाचून दाखवा. फक्त क्रमांक वाचा, नावं नकोत.

नावांबद्दल काळजी घ्या. कोणत्या घरात कोणाचं नाव नाही हे गावभर झालं, तर त्याच बाईला त्रास होतो. गोळा केलेली पानं दोघींच्याच ताब्यात, कुलपात असू द्यात, त्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायचे नाहीत. वारसनोंद मागितली म्हणून एखादीला मारहाण किंवा धमकी झाली, तर कागदाचं काम त्या घरापुरतं बाजूला ठेवा आणि आधी तिची सोय पाहा: महिला हेल्पलाइन १८१, पोलीस ११२, संरक्षण अधिकारी. हे तीन क्रमांक आणि गावातल्या दोन अशा घरांचे पत्ते, जिथे ती रात्री जाऊ शकेल, मोहीम सुरू व्हायच्या आधी ठरलेले असले पाहिजेत.

तरुण मुलींना ‘आमच्याशी काय संबंध’ हा प्रश्न पडतो, त्याला भाषणाने उत्तर देऊ नका. प्रत्येकीला तिच्या आजोबांचा फेरफार काढायला सांगा. त्यात आत्यांची नावं आहेत का, असतील तर कोणत्या रकान्यात, आणि नसतील तर कोणत्या साली गेली, एवढं तिने स्वतः शोधावं. आत्याला फोन करून विचारावं. पुढच्या घरी पाहणीला कोण जाईल, हे मग तुम्हाला ठरवावं लागणार नाही.